निगा राखल्यावर इंजिन कां बदलतें?



निगा न राखल्यामुळें मोटारसायकलचें इंजिन बिघडलें, तर त्यांत कोणास नवल वाटत नाहीं. परंतु चालत्या इंजिनाचें भलें व्हावें म्हणून मालकानें रविवारीं सकाळीं स्वतःच्या हातानें ऑइल बदलावें, एअर फिल्टर झाडावा, प्लग पुसावा, आणि सोमवारीं कामास निघतांना त्यास आढळावें कीं गाडीचा सूरच पालटला आहे, ही गोष्ट मनाला फार लागते. काल नव्हती ती टिकटिक आज ऐकूं येते. गाडी उभी असतांना इंजिन भलत्याच वेगानें फिरूं लागतें. चढावर जोर राहत नाहीं, किंवा मूठ सोडतांच सायलेन्सरांतून फटफट असे बार निघतात. मग 'हात लावला नसता तर बरें झालें असतें' असें म्हणून तो मनुष्य गाडी मिस्त्रीकडे नेतो, आणि पुन्हां कधीं स्वतः पाना धरीत नाहीं. या घाबरण्यापायीं निष्कारण उघडलेलीं इंजिनें मीं कांहीं थोडीं पाहिलेलीं नाहींत. इंजिन उघडणें म्हणजे हजारों रुपयांचा प्रश्न. आणि ज्याचें पोट गाडीवर आहे त्याचे चार दिवस बुडतात ते वेगळेच.

आजचें माझें बोलणें एवढ्याच विषयापुरतें आहे : घरीं नित्याची निगा राखल्यावर इंजिन बदललेलें दिसलें, तर तो बदल कोठून आला हें कसें ओळखावें? उदाहरणासाठीं मी आपल्या रस्त्यांवर अजूनहि दिसणाऱ्या, एका सिलिंडरच्या, कार्ब्युरेटर असलेल्या फोर-स्ट्रोक गाड्या घेतों. म्हणजे १९८५ सालीं आलेली हिरो होंडाची सीडी १००, तिच्या मागून १९९४ सालीं आलेली स्प्लेंडर, आणि लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागीं पेट्रोलचें इंजेक्शन आलें. त्या गाड्यांविषयीं पुढें दोन शब्द बोलेन.

शाळेंत मुलांचें गणिताचें उत्तर चुकलें म्हणजे मी त्यांस सांगत असें कीं सगळें उदाहरण खोडून नव्यानें मांडूं नका. शेवटच्या पायरीवरून मागें या आणि एकेका पायरीचा ताळा पाहा. इंजिनाचेंहि असेंच करावें. शनिवारपर्यंत जें इंजिन नीट होतें, त्याच्या आंतील पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगें रविवारीं दुपारीं एकाएकीं झिजत नाहींत. झीज ही महिन्यांची आणि वर्षांची गोष्ट आहे. एका दिवसांत जें बदललें तें बहुधा हातानें बदललें. आणि घरच्या कामांत आपला हात पोहोंचतो त्या जागा बहुतेक बाहेरच्याच असतात : एखादी नळी, एखादी केबल, एखादा स्क्रू, एखादें झांकण. म्हणून पहिला प्रश्न 'काय बिघडलें असेल?' हा नव्हे, तर 'काल मीं कशाकशाला हात लावला?' हा आहे. त्यांतहि जें काम मुद्दाम केलें तेवढेंच आठवून भागत नाहीं. तें करण्यासाठीं वाटेंतलें जें जें बाजूस सारलें, तेंहि आठवावें लागतें. टाकी उचलली असेल, तर तिच्याखालून जाणारी ॲक्सिलरेटरची केबल हलली असणारच.

याच कारणासाठीं माझें सांगणें असें आहे कीं एका बैठकींत पांच कामें करूं नयेत. आणि केलींच तर प्रत्येक काम पुरें झाल्यावर इंजिन चालू करून एक मिनिट ऐकावें. ऑइल, फिल्टर, प्लग, टॅपेट आणि चेन हीं सारीं एका दमांत उरकून संध्याकाळीं एकदांच किक मारणारा मनुष्य उत्साही खरा, परंतु पांच साक्षीदार एकदम बोलूं लागले म्हणजे न्यायाधीशाची जी स्थिति होईल तीच त्याची होते. टॅपेटचें काम थंड इंजिनावरच करावयाचें असतें, म्हणून तें सकाळीं प्रथम घ्यावें. ऑइल कोमट असतां चांगलें निथळतें, म्हणून तें मागाहून.

येथें एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कित्येकदां इंजिन बदललेलें नसतेंच. बदललेला असतो तो आपला कान. ज्यानें आज पहिल्यांदां टॅपेटचें झांकण उघडलें, तो तें लावल्यावर ज्या लक्षानें आवाज ऐकतो त्या लक्षानें त्यानें तो पूर्वीं कधींच ऐकलेला नसतो. वर्षानुवर्षें असलेली टिकटिक त्यास नवी वाटते. यावर आतां फार चांगला उपाय झाला आहे. काम करण्यापूर्वीं, इंजिन थंड असतां एकदां आणि तापल्यावर एकदां, मोबाईल एकाच जागीं, समजा डाव्या फूटरेस्टजवळ, धरून अर्धा मिनिट आवाज मुद्रित करून ठेवावा. काम झाल्यावर त्याच जागेवरून पुन्हां घ्यावा. दोन्ही आवाज एकामागून एक ऐकले म्हणजे तंटा बहुधा जागच्या जागींच मिटतो.

बदल खरा आहे असें ठरलें, तर 'कां' विचारण्याआधीं 'केव्हां' विचारावें. हा लहानसा प्रश्न अर्धें काम करतो. हँडल डावीउजवीकडे वळवितांच उभ्या गाडीची रेस वाढते काय? तसें असेल तर ॲक्सिलरेटरची केबल कोठें तरी अडकून ताणली जात आहे; कार्ब्युरेटरला हात लावण्याचें कारण नाहीं. आणि हा दोष हयगय करण्यासारखा नव्हे, कारण वळणावर गाडी आपोआप वेग घेते. गाडी चार-सहा किलोमीटर उत्तम चालून गपकन् बंद पडते आणि टाकीचें झांकण उघडतांच सुसकारा टाकून पुन्हां चालू होते काय? मग टाकी धुतांना किंवा पुसतांना झांकणाचें हवेचें भोंक बुजलें आहे. आंत हवा शिरत नाहीं म्हणून पेट्रोल खालीं उतरत नाहीं. गाडी धुतल्याच्या दिवशींच अडखळूं लागली काय? प्लगची टोपी काढून आंत पाणी आहे का तें पाहावें. घरघर चालत्या गाडींत येते, पण उतारावर क्लच दाबून इंजिन मंद केलें तरी तशीच राहते काय? मग ती इंजिनाची नव्हे. चेनची किंवा चाकाची आहे. नव्यानें ताणलेली चेन वाजवीपेक्षां घट्ट राहिली तर ती अशीच कण्हते, आणि बिचाऱ्या इंजिनावर आळ येतो. वजन बसल्यावर चेन आणखी ताणली जाते, म्हणून तिला पुस्तिकेंत सांगितलेला ढिलेपणा ठेवावाच लागतो, आणि तो चाक फिरवून जेथें ती सर्वांत घट्ट येते तेथें मोजावयाचा असतो.

आतां हवेकडे वळूं, कारण घरच्या कामानंतरच्या तक्रारींत हिचा वाटा मोठा आहे, आणि तिच्याकडे लक्ष मात्र सर्वांत कमी जातें. पेट्रोल जळतें असें आपण म्हणतों, परंतु वजनानें पाहिलें तर एक भाग पेट्रोलला सुमारें १५ भाग हवा लागते. आकारमानानें सांगावयाचें तर एक लिटर पेट्रोलसाठीं इंजिन अदमासें ९००० लिटर हवा ओढून घेतें. ही सगळी हवा एका फिल्टरांतून आणि एका रबरी नळींतून जावी अशी योजना आहे. हवा कमी पडली कीं मिश्रण दाट होतें, अधिक शिरली कीं विरळ होतें. दाट मिश्रणाचीं लक्षणें म्हणजे काळा धूर, पेट्रोलचा वास, काजळलेला प्लग आणि एकंदर जडपणा. विरळ मिश्रणांत मूठ मिटतांच बार निघतात, रेस खालीं यावयास वेळ लागतो, ओझें पडलें कीं गाडी अडखळते आणि इंजिन फाजील तापतें. प्लगच्या टोंकाचा रंगहि पाहावा. नीट जळणाऱ्या इंजिनांत तो फिकट तपकिरी असतो, विरळ मिश्रणांत पांढुरका. मात्र २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर हा रंग पूर्वीसारखा ठळक उमटत नाहीं, म्हणून एकट्या रंगावर भिस्त ठेवूं नये.

फिल्टर स्पंजाचा असेल तर तो रॉकेलमध्यें धुऊन, वाळवून, ऑइलचा हात लावून घट्ट पिळावयाचा असतो. पुष्कळजण पिळण्यांत कसूर करतात आणि ठिबकणारा स्पंज तसाच बसवितात. अशा फिल्टरांतून इंजिनाचा श्वास कोंडतो आणि मिश्रण दाट होतें. कागदी फिल्टर तर धुऊंच नये. हलकेंच झाडावा, नाहीं तर बदलावा. फिल्टरच्या डब्याचें झांकण एका कडेला उचललेलें राहिलें, किंवा डब्यापासून कार्ब्युरेटरकडे येणारी नळी गळ्यावरून सुटली, तर गाळण्याशिवाय हवा आंत जाते. इंजिन थोडें विरळ चालतें, तेवढें सोसण्यासारखें आहे. परंतु रस्त्यावरची धूळ सिलिंडरांत जाते तें सोसण्यासारखें नाहीं. उलट कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधील सांध्यांतून, म्हणजे त्या गॅस्केटमधून किंवा रबरी रिंगेमधून हवा शिरली, तर परिणाम तत्काळ कळतो : रेस चढलेलीच राहते आणि आयडलचा स्क्रू कितीहि मागें घेतला तरी खालीं येत नाहीं. ही गळती शोधण्यासाठीं चालू इंजिनावर पेट्रोल शिंपडून पाहणारे शूर लोक मीं पाहिले आहेत. श्रोत्यांनीं त्यांचें अनुकरण करूं नये. तापलेल्या सायलेन्सरपासून तें बोटभर अंतरावर असतें. इंजिन बंद करावें, दोन्ही नट सारखे घट्ट आहेत ना, रिंग आपल्या खांचेंत बसली आहे ना, हें पाहावें. आणि आवाज ऐकण्यासाठीं इंजिन चालू ठेवावयाचें तर तें अंगणांत. बंद पडवींत किंवा खोलींत नव्हे. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं आणि तो माणसास सावध होण्यास अवसर देत नाहीं.

कार्ब्युरेटर साफ करणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. साध्या कार्ब्युरेटरमधील स्लाइडला एका बाजूस तिरपा काप असतो; तो फिल्टरकडे यावयास पाहिजे, आणि बाजूची खांच आंतल्या खिळीवर बसली पाहिजे. स्लाइड उलटी बसली तर ती पुरती खालीं उतरत नाहीं आणि पहिल्याच किकेला इंजिन किंचाळत सुटतें. अशा वेळीं घाबरून पाहत उभें राहूं नये. किल्ली फिरवून बंद करावें.

हवेच्या बाबतींत एक चमत्कारिक प्रकार होतो, आणि तो मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. एका गाडीचा फिल्टर दोन वर्षें झाडलेला नाहीं. तो हळूहळू बुजत गेला, मिश्रण दाट होत गेलें, आणि मधल्या काळांत कोणीतरी कार्ब्युरेटरचा हवेचा स्क्रू फिरवून तें पुन्हां सुरांत आणलें. म्हणजे इंजिनाचा सूर त्या कचऱ्यावर बेतलेला आहे. आतां मालक फिल्टर स्वच्छ करतो. हवा मोकळी येऊं लागते, जुना हिशेब चुकतो, आणि इंजिन विरळ मिश्रणाचीं सगळीं लक्षणें दाखवूं लागतें. मालक म्हणतो, 'स्वच्छ केलें आणि बिघडलें.' वस्तुतः बिघाड जुनाच होता. त्यावर दुसरा बिघाड ठेवून तो झांकलेला होता. येथें स्वच्छ फिल्टर काढून जुना बुजका बसविणें हा उपाय नव्हे, जरी तसें केल्यावर गाडी खरोखर बरी चालते. फिल्टर तसाच ठेवून, इंजिन पुरतें तापवून, स्क्रू नव्यानें लावावा लागतो. तो पुस्तिकेंत सांगितलेल्या आट्यांवर आणून तेथून अगदीं थोडा थोडा फिरवावा, आणि मूळ जागा कोठें होती तें आधीं लिहून ठेवावें.

टॅपेटविषयीं जितके गैरसमज आहेत तितके दुसऱ्या कशाविषयींहि नसतील. व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यामध्यें थोडें मोकळें अंतर ठेवावें लागतें, कारण तापल्यावर धातु वाढतो. लहान इंजिनांत हें अंतर किती? वहीचा साधा कागद सुमारें ०.१ मिलिमीटर जाड असतो. पुष्कळ लहान गाड्यांचें अंतर तेवढें किंवा त्याहूनहि कमी असतें. नेमका आंकडा आपापल्या पुस्तिकेंत पाहावा. जुन्या बुलेटची रीत निराळी आहे. तेथें फट मोजीत नाहींत. थंड इंजिनावर पुशरॉड बोटांनीं सहज फिरला पाहिजे, पण वरखालीं हलतां कामा नये. एका गाडीची रीत दुसरीला लावणें हेंच कित्येक तक्रारींचें मूळ आहे.

हें काम पिस्टन वर आलेला असतां, आणि तोहि दाबाच्या फेरींत वर आलेला असतां करावयाचें असतें. फ्लायव्हीलवरील टी ही खूण खांचेसमोर आणली म्हणजे झालें, अशी समजूत असते. परंतु फोर-स्ट्रोक इंजिनाचें एक चक्र फ्लायव्हीलच्या दोन फेऱ्यांत पुरें होतें, आणि ती खूण दोनदां समोर येते. एकदां दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. तीच वेळ बरोबर. दुसऱ्यांदां एक मिटत आणि दुसरा उघडत असतो, आणि त्या वेळीं लावलेलें माप सर्वथा खोटें होतें. खूण जुळल्यावर दोन्ही रॉकर बोटानें किंचित् हलतात कीं नाहीं हें पाहिलें म्हणजे संशय राहत नाहीं. जुन्या, फार घट्ट झालेल्या व्हॉल्व्हचा रॉकर योग्य जागींहि हलणार नाहीं, म्हणून संशय आल्यास एक पूर्ण फेरी पुढें नेऊन पुन्हां पडताळावें. शेवटीं लॉकनट आवळतांना आंतला स्क्रूहि त्याच्याबरोबर थोडा फिरतो. आवळल्यावर पुन्हां फीलर घालून पाहिलें नाहीं, तर सगळी मेहनत फुकट जाते.

टॅपेट लावल्यावर टिकटिक वाढली, तर मालक बेचैन होतो. नाहींशी झाली, तर तो खूष होतो. माझें मत याच्या उलट आहे. थोडी टिकटिक करणारा व्हॉल्व्ह निदान पुरता मिटतो तरी. गप्प झालेला व्हॉल्व्ह कदाचित् मिटतच नसेल. इंजिन ६००० फेऱ्यांनीं फिरत असतां प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३००० वेळां, म्हणजे सेकंदाला ५० वेळां उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटून आपल्या बैठकीला टेकतो तेवढ्याच क्षणांत तो अंगची उष्णता तिला देऊन निवतो. अंतर फार कमी ठेवलें तर तापल्यावर तो पुरता टेकत नाहीं, निवत नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं त्याची कड जळते. त्याचें पहिलें लक्षण आवाज हें नव्हे. थंड गाडी एका किकेंत चालू होते आणि तापलेली गाडी चालू होतां होत नाहीं, किकेला जोर लागत नाहीं, हें तें लक्षण. टॅपेट लावल्यानंतरच्या आठवड्यांत असें झालें तर दुसरें कांहीं शोधण्याआधीं, इंजिन रात्रभर निवूं देऊन, तेंच माप पुन्हां घ्यावें.

ऑइलकडे मी मुद्दाम उशिरा आलों, कारण बहुतेकांचा संशय प्रथम ऑइलवरच जातो. वाईच्या बाजूचा माझा एक जुना विद्यार्थी पहाटे दुधाचे कॅन घेऊन पसरणी घाटानें पांचगणीस जातो. त्यानें घरीं ऑइल बदललें आणि दुसऱ्याच दिवशीं घाटांत मूठ पिळली तर इंजिन नुसतें ओरडूं लागलें. गाडी कांहीं सरेना. एका ठिकाणीं त्यास सांगण्यांत आलें कीं क्लचच्या प्लेटी गेल्या, आणि उघडलेंच आहे तर बोअरहि करून घ्यावी. संध्याकाळीं तो माझ्याकडे आला.

"गुरुजी, ऑइलच डुप्लिकेट निघालं वाटतं," तो म्हणाला.

मीं डबा पाहिला; त्यावर एमए२ हीं अक्षरें होतीं, आणि सीलहि ठीक दिसत होतें. "अरे, ऑइल बदलताना आणखी काय काय केलंस?"

"आणखी काही नाही, गुरुजी. क्लच जरा सैल वाटत होता म्हणून केबल ताणून घेतली, तेवढंच."

या 'तेवढंच' मध्यें पुष्कळदां सगळें उत्तर असतें. क्लचच्या लिव्हरला काडीचाहि मोकळेपणा उरला नव्हता. म्हणजे तो न दाबतांच अर्धवट दाबलेला होता. केबलचा नट मागें घेऊन लिव्हरच्या टोंकाशीं दीड सेंटिमीटर खेळ ठेवला, आणि सकाळीं गाडी दुधासकट घाट चढून गेली. दोनच दिवस गेले होते म्हणून प्लेटी वांचल्या; तसाच आठवडाभर चालविता तर त्या खरोखरच जळाल्या असत्या, आणि मग त्यास सांगितलेलें निदान खरें ठरलें असतें.

तथापि ऑइलवरचा संशय सर्वस्वी निराधार नसतो. मोटारगाडींत इंजिनाचें ऑइल गिअरपासून आणि क्लचपासून अलग असतें. आपल्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच तिघेहि एकाच ऑइलांत बुडालेले असतात. घर्षण कमी करणारीं द्रव्यें घातलेलें मोटारीचें ऑइल इंजिनाला मानवलें तरी क्लचला मानवत नाहीं. प्लेटी एकमेकींना धरीत नाहींत. यासाठींच जपानांत १९९८ सालीं जासो या नांवाचें मानक निघालें. डब्यावरील एमए हीं अक्षरें असल्या ओल्या क्लचसाठीं, आणि एमबी हीं ज्यांचा क्लच ऑइलांत नसतो अशा स्कूटरांसाठीं. लोखंडी सिलिंडरच्या बुलेटमध्यें गिअरबॉक्सचें वंगण निराळें आणि क्लचच्या डब्याचें निराळें असतें, म्हणून तिला हा सरसकट नियम लावूं नये.

ऑइल किती घालावें याविषयीं एक घोटाळा नेहमीं होतो. पुस्तिकेंत दोन आंकडे असतात : इंजिन पुरतें उघडून पुसल्यावर लागणारें ऑइल, आणि नुसतें बदलतांना लागणारें, जें कमी असतें, कारण थोडें जुनें ऑइल आंतच चिकटून राहतें. मोठा आंकडा धरून ओतलें तर पातळी वर जाते, इंजिन जड होतें, श्वासाच्या नळींतून ऑइल फिल्टरच्या डब्यांत येतें आणि सायलेन्सर निळसर धूर सोडतो. मालकास वाटतें कीं रिंगा गेल्या! पातळी पाहतांना गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागीं असावी, इंजिन दोन-तीन मिनिटें चालवून बंद करावें, ऑइल खालीं उतरूं द्यावें. आणि काडी आटे न फिरवतां नुसती टेकवून पाहावयाची कीं फिरवून, हें पुस्तिकेंत वाचावें, कारण त्यानें पातळीत बराच फरक पडतो. नवें ऑइल लवकर काळें झालें म्हणून खंत करूं नये. परंतु निथळलेल्या ऑइलांत चकाकणारे धातूचे कपटे दिसले, किंवा इंजिनाच्या तळांतून घणाचे ठोके यावे तसा जड आवाज येऊं लागला, तर तेथें घरचें शास्त्र संपतें. गाडी ढकलत न्यावी, चालवीत नेऊं नये.

प्लगसंबंधीं थोडक्यांत सांगतों. नवा प्लग जुन्याच नंबरचा असावा. जास्त लांब आट्यांचा प्लग पिस्टनला भिडूं शकतो. काढण्यापूर्वीं भोंवतालची माती फुंकून टाकावी, आणि परत बसवितांना निम्म्याहून अधिक आटे बोटांनींच फिरवावे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे शाबूत राहतात. एका सिलिंडरची गाडी एकाएकीं रुसून बसली, तर टोपी 'टक' असा आवाज होईपर्यंत दाबली आहे ना, एवढें आधीं पाहावें.

इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत स्क्रू फिरवून सूर लावण्याची सोय नाहीं. तेथें मोजमाप सेन्सर करतात आणि निर्णय एक लहानसा संगणक करतो. म्हणून तेथें काम केल्यावर इंजिन बदललें, तर पाहावयाचें तें हें कीं एखाद्या सेन्सरचा प्लास्टिकचा जोड सुटा तर राहिला नाहीं ना. किल्ली फिरविल्यावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागून इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे; न विझल्यास त्यास दोष सांगावयाचा आहे, आणि तो वाचण्याचें यंत्र मिस्त्रीजवळ असतें. हवेच्या गळतीचें, फिल्टरचें, टॅपेटचें आणि ऑइलचें जें वर सांगितलें तें याहि गाड्यांस लागू आहे.

मिस्त्रीचें नांव निघालें म्हणून सांगतों. घरीं काम करून बिघाड झालेला मालक मिस्त्रीपुढें उभा राहिला म्हणजे बहुधा म्हणतो, "मी काही केलं नाही हो, आपोआपच झालं." यांत त्याची लाज असते, आणि 'घरीं हात कशाला लावलात?' हें ऐकण्याची भीति असते. घरीं काढा घेऊन वैद्यापुढें गप्प बसणाऱ्या रोग्याचीच ही तऱ्हा. आपोआप झालें असें ऐकल्यावर प्रामाणिक मिस्त्रीलाहि रोग आंतच शोधणें भाग पडतें, आणि अप्रामाणिकाचें तर फावतेंच. त्याऐवजीं एक कागद त्याच्या हातीं द्यावा : अमुक तारखेस, इतक्या किलोमीटरवर ऑइल बदललें, या नांवाचें, इतकें, टॅपेट लावले, माप इतकें, टाकी उचलली होती, आणि त्यानंतर अमुक वेळीं अमुक आवाज येतो. माझा अनुभव असा आहे कीं असा कागद पाहून मिस्त्री हसत नाहींत. ते तो वाचतात, आणि बहुतेक वेळां इंजिन न उघडतां हात थेट जागेवर जातो.

आतां निगा राखल्यावरची पहिली फेरी. ती कामाच्या दिवशीं आणि लांब पल्ल्याची असूं नये. गांवाभोंवतीं चार-पांच किलोमीटर फिरावें, एक चढ घ्यावा, आणि परत येऊन इंजिनाच्या बुडाला, ऑइलच्या बोल्टला आणि विशेषतः मागच्या चाकाला हात न लावतां नजरेनें तपासावें. ऑइलच्या बोल्टचा वॉशर जुनाच ठेवला, किंवा बोल्ट पुरता आवळला नाहीं, तर सुटलेलें ऑइल वाऱ्यानें मागच्या टायरवर जातें. इंजिनाची हानि मागाहून होते. पहिल्या वळणावर घसरतो तो मनुष्य. टायरवर थेंब दिसला तर तो साबणानें धुऊन काढल्याशिवाय गाडी हलवूं नये. बोल्ट मात्र रागानें आवळूं नये; तो ज्यांत बसतो ते आटे मऊ धातूचे असतात.

रात्रीं, सांडलेलें सगळें ऑइल फडक्यानें नीट पुसून घेतल्यावर, गाडीखालीं एक जुनें वर्तमानपत्र पसरावें आणि त्यावर पुढचें चाक कोणीकडे आहे तें पेन्सिलीनें लिहून ठेवावें. सकाळीं कागद कोरा असला तर ठीकच. डाग असला तर त्याच्या बरोबर वर काय आहे तें पाहावें आणि तेथपासून वरच्या अंगास बोट फिरवीत जावें, कारण ऑइल नेहमीं गळतीच्या जागेपेक्षां खालीं येऊन ठिबकतें. फटींत राहिलेलें जुनें ऑइलहि एक-दोन रात्रीं ठिबकत राहतें. म्हणून कागद तीन दिवस बदलावा, आणि तिसऱ्या दिवशींचा डाग खरा मानावा.